सुभेदारआबा, गाडीतली शिट्टी थांबली

आबा, सादर नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण गाडीत वायरलेस सेट बसवणारी कितीतरी माणसं जिथे अडतात तिथेच मी दीड वर्ष अडून होतो, आणि तुम्ही मला एका दुपारीत तिथून बाहेर काढलंत.

मी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स का काढलं हे तुम्हाला माहीत आहे. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं, इकडे पाटण तालुक्यात आंबेघरला आणि मिरगावला दरडी कोसळल्या. त्या दिवसांत फोन लागत नसताना जिवाची जी घालमेल झाली, ती पुन्हा नको म्हणून परीक्षा दिली आणि गाडीत सेट बसवला. आणि सेट गाडीत बसल्यावर कळलं, की इंजिन चालू केलं की मी बहिरा होतो. 7 मेगाहर्ट्झवर नुसती खरखर, सेटवरच्या सिग्नल मोजणाऱ्या मीटरचा काटा सातवर. त्यावर एक बारीक शिट्टी, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की उतरणारी. समोरचे म्हणायचे, तुमच्या आवाजामागे कायम कुणीतरी शीळ घालतंय. मी महागडा फिल्टर आणला, वायरीत घातला. ढिम्म फरक पडला नाही.

तुम्ही आलात तेव्हा हातात पेटीसुद्धा नव्हती. खिशात दहाचा पाना आणि मल्टीमीटर, बस. गाडीला हात लावण्याआधी तुम्ही पाच मिनिटं नुसते ऐकत बसलात. किल्ली काढलेली, सेट बॅटरीवर: काटा तीनवर. किल्ली फिरवली: पाच. चार्जर सॉकेटमध्ये गेला: सात. मग इंजिन, आणि तेव्हा कुठे शिट्टी. ‘डिझेल आहे, प्लगची टकटक नसणार, एक संशयित कमी झाला,’ एवढंच बोललात. नंतर अँटेनाची कोॲक्स केबल सेटमागून काढली. खरखर गेली, शिट्टी राहिली. ‘जी गेली ती अँटेनातून येते, जी राहिली ती वायरीतून. दोन वेगळे आजार आहेत, तू एकच औषध देत होतास.’ आबा, हे वाक्य मी सेटजवळ लिहून चिकटवलंय.

शिट्टीचं मूळ मी दिलेल्या सप्लायमध्येच निघालं. बोलताना सेट 20 अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि मी त्याला डॅशबोर्डमागच्या फ्यूजबॉक्समधून बारीक वायरीने जोडलं होतं. अल्टरनेटरचा तीन फेजचा एसी डायोड डीसी करतात, पण तो पूर्ण सपाट होत नाही, थोडी लाट उरते. इंजिनाचा वेग वाढला की तिची फ्रीक्वेन्सी वाढते, म्हणून शिट्टी चढते. बॅटरी एवढी मोठी की ती लाट बरीचशी तीच गिळते. तुम्ही जाड वायर थेट बॅटरीवरून घेतलीत, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

निगेटिव्हच्या बाबतीत मात्र तुम्ही मला थांबवलंत. मी ती बॅटरीच्या टोकालाच लावायला निघालो होतो. तुम्ही बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते तो बोल्ट दाखवलात. बॅटरीच्या टोकाला लावली आणि पुढे कधी ही अर्थ वायर तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत माझ्या सेटमधून जाईल, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय नव्या गाड्यांत त्या टोकावर बॅटरी मोजणारा सेन्सर असतो, तोही फसतो. तो बोल्ट हिरवट गंजलेला होता. पॉलिश पेपरने घासून, लखलखीत करून, व्हॅसलीन लावून तुम्ही तो आवळलात आणि शिट्टी विरली. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात.

खरखरीला वेळ लागला. मुख्य गुन्हेगार तो मोबाईलचा चार्जर. बारा व्होल्टचे पाच करताना तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि त्याची लांब वायर कोॲक्सला खेटून जात होती. तुम्ही चार्जर बदलायला लावलात, वायर दुसऱ्या बाजूने फिरवलीत आणि तुमच्याकडच्या, असा आवाज अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून तिचे तीन फेरे घेतलेत. तीन फेऱ्यांनी अडवणूक तिप्पट नव्हे, जवळपास नऊपट होते, हे गणित तुम्ही बॉनेटवरच्या धुळीत बोटाने लिहून दाखवलंत. मग त्याच बॉनेटला आणि रबरावर लटकलेल्या सायलेन्सरला जुन्या कोॲक्सच्या जाळीने बॉडीशी बांधलंत. इतकी वर्षं मी गाडीला एकसंध लोखंड समजत होतो. प्रत्यक्षात रंग, ग्रीस आणि रबर यांनी वेगळे पडलेले ते तुकडे होते, आणि प्रत्येक तुकडा आपापला आवाज हवेत सोडत होता.

इंजिन चालू ठेवून काटा आता तीनवर असतो.

परवा कुंभार्ली घाटात थांबून सकाळच्या नेटला, म्हणजे हॅम मंडळींच्या रोजच्या हवेवरच्या बैठकीला, हाक दिली. रिपोर्ट फाइव्ह नाइन, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, असा मिळाला, पण मला त्याहून मोठं वाटलं ते वेगळंच. नेटवर एक फार क्षीण स्टेशन होतं, बहुतेक कमी पॉवरवरचं, आणि त्याचा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, मी पहिल्याच खेपेला उतरवून घेतला. आधी ते माझ्यासाठी अस्तित्वातच नसतं. लष्कराच्या सिग्नल्स कोअरमध्ये तुमचं ब्रीद ‘तीव्र चौकस’ होतं. त्यातला ‘चौकस’ मला त्या सकाळी समजला. कड्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात. तुमचे उपकार मी मनापासून मानतो.

एक आजार शिल्लक आहे, आबा. वायपर लावला की टरटर येते, आणि ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप केला त्या दिवशी पाऊसच असणार आहे. मोटरच्या ब्रशचीच ती ठिणगी असावी. कपॅसिटर आणून ठेवलेत. रविवारी गाडी घेऊन येऊ का?

73 (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
तुमचा पाटण रस्त्यावरचा शिष्य