सट्ट्याचं देणं आधी, वाण्याचं मागाहून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या अंकात आतल्या पानावर बातमी होती, काजूच्या बागेत अंदर-बाहर खेळणाऱ्यांवर छापा, इतके जण ताब्यात, रोख रक्कम आणि पत्त्यांचा कॅट जप्त. संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर चार पोरं बसलेली, त्यांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि खदाखदा हसली. हसणारच, कारण चौघांच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर ६ ओव्हरचं सेशन चालू, म्हणजे सहा ओव्हरमध्ये किती रन होतील यावरचा सट्टा. ४८-४९ असा काहीतरी भाव होता, म्हणजे ४९ होतील म्हणणारा 'येस', नाही होणार म्हणणारा 'नॉट'. इतकं मला आता कळायला लागलंय, आणि कळतंय याचंच वाईट वाटतं.

माझं किराण्याचं दुकान आहे, देवगड तालुक्यात, गाव सांगत नाही. उधारीची वही गेली २२ वर्षं मीच लिहिते. आमच्याकडे उधारी हंगामावर चालते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आंबा वाशीला गेला, दलालाकडून विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली की बागेवाले देतात, खलाशी १ जूनच्या आत हिशोब करतात कारण पुढचे दोन महिने मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, हातात काही नाही. आणि आयपीएल नेमकी एप्रिल-मेला. वर्षाचा पैसा गावात ज्या वेळी येतो त्याच वेळी तो बाहेर न्यायला नळ लावल्यासारखं झालंय. पूर्वी मेअखेरीला माझी वही निम्मी कोरी व्हायची. यंदा एक बागेवाल्याचा मुलगा, बीकॉम झालेला, मला सांगतो, "काकी, दोन दिस थांब गे, शनवारी तुझे सगळे चुकते करतंय." शनिवारी मॅच होती. रविवारी तो दुसऱ्या रस्त्याने गेला.

लोकांना वाटतं बुकी म्हणजे कोणीतरी दुबईत बसलेला माणूस. वरती असेलही. पण आमच्या गावात सट्ट्याच्या साइटचा आयडी देतो तो आमच्याच टेनिस बॉलच्या टीमचा विकेटकीपर आहे, गणपतीत आरतीला ढोलकी वाजवतो, म्हाताऱ्यांना बँकेचा फॉर्म भरून देतो, म्हणजे वाईट म्हणावा असा मुलगाच नाही तो. व्हॉट्सअपवर आयडी-पासवर्ड पाठवायचा, पैसे घ्यायचे, तेवढे पॉइंट टाकायचे. ओळखीचा असेल तर पैसे नंतर, सोमवारी वळण, म्हणजे हिशोब चुकता करायचा. पोरं हरली की त्यात ह्याचा वाटा असतो, हे त्यानेच एकदा माझ्याकडे सोडा पिताना सांगितलं, अगदी साधेपणाने.

हिशोब मी त्या पोरांना करून दाखवला होता, वहीच्या मागच्या पानावर. दोन्ही संघ सारख्याच ताकदीचे धरा. दोन्हीकडून शंभर-शंभर आले, जिंकणाऱ्याला शंभरावर नव्वद मिळाले, म्हणजे दोनशेतले दहा बुकीचे, मॅच कोणीही जिंको. अशा शंभर बेटा हजार-हजाराच्या लावल्या तर सरासरीने पाच हजार गेलेच, आणि तेही अक्कल ठिकाणावर ठेवून खेळलात तर. वाशीचा दलाल निदान पट्टी तरी पाठवतो, किती कापले ते दिसतं. पोरांनी मान डोलावली आणि रिकव्हरी करायला परत फोन काढला. हरलेले भरून काढायला पुन्हा लावायचं, त्याला रिकव्हरी म्हणतात.

आता कायद्याचं. माझ्या नणंदेची मुलगी वकिली शिकते, तिच्याकडून मी समजून घेतलं, चूक असेल तर माझी. आपल्याकडे मूळ कायदा १८८७चा, मुंबई जुगार प्रतिबंधक. त्यात पाऊस पडणार की नाही, किती पडणार, यावरचा सट्टासुद्धा लिहिलेला आहे, कापसाच्या भावावरचा आहे, आणि घोड्यांची शर्यत ठराविक अटींवर बाजूला ठेवलीय. म्हणून मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुटाबुटात घोड्यावर पैसे लावले तर तो छंद, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असं १९९६ साली सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय, आणि आमच्या पायरीवर लावले तर गुन्हा. असो. मग २०२५मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. भारताच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं, म्हणजे टीम बनवून पैसे लावायच्या त्या अ‍ॅपचं, नाव तेव्हाच गेलं. टीव्हीवरच्या त्या जाहिराती गेल्या याचं मला खरंच बरं वाटलं, दर ओव्हरला आमच्या घरात नटांनी आणि खेळाडूंनी येऊन पोरांना टीम बनव म्हणून सांगायचं, ते थांबलं. पण आयडीवाला कधी टीव्हीवर नव्हताच, त्यामुळे त्याचं काही गेलं नाही. उलट जे आधी पन्नास रुपयांची टीम लावत होते त्यातले दोघे तरी ह्याच्याकडे आले, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आणि ह्यात आपला काही संबंध नाही असं कोणी समजू नये. जानेवारीत माझ्या खात्यातून पैसे निघेनात. बँकेत गेले तर म्हणाले दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांनी होल्ड लावलाय. मी कधी वापीच्या पुढे गेलेली नाही! शेवटी कळलं ते असं, की एका गिऱ्हाईकाने सामानाचे १,५०० रुपये माझ्या क्यूआरवर टाकले होते, ते त्याच्या विड्रॉलमधले, म्हणजे सट्ट्यात जिंकून काढलेल्या पैशांतले. हे विड्रॉल दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यातून येतात, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून, आणि त्या खात्यात कुठल्या तरी बिचाऱ्याला फसवून घेतलेले पैसेही फिरत असतात. पोलीस पैशाच्या मागे मागे येतात ते साखर-चहापत्तीपर्यंत. साडेतीन आठवडे मी तेलवाल्याला तोंड दाखवू शकले नाही. त्यानंतर त्याच पोरांपैकी एक मला विचारतो, काकी तुझं जुनं खातं पडून आहे ना, महिन्याला पाच हजार मिळतील. झाडू हातातच होता.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. माझे पैसे थकतात, डॉक्टरचे थकतात, बागेत राखणीला ठेवलेल्या नेपाळी माणसाचा पगार थकतो, बुकीचं मात्र सोमवारी जातं. का, तर 'शब्द दिलाय'. आईची पाटली गहाण ठेवून जातं. आणि कायद्याने बघायला गेलं तर ह्या सगळ्यांत एकटं तेच देणं असं आहे जे वसूल होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल, पैजेत जिंकलेले पैसे मागायला कोर्टात दावा चालत नाही. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीच्या ठराविक रकमेच्या बक्षिसाचा. म्हणजे माझी वही कोर्टात चालेल, त्याची नाही. आणि द्यायचे नाहीत म्हटल्यावर कोणी घरी येऊन दमदाटी करून काढायला लागला तर ती खंडणी, तो वेगळा गुन्हा. हे इथे एकाही पोराला माहीत नव्हतं. त्यांच्या बापांनाही नव्हतं, ते बिचारे अब्रू जाईल म्हणून कर्ज काढतात.

काही लोक म्हणतात सरळ कायदेशीर करून कर लावा. २०१८मध्ये विधी आयोगाच्या अहवालातही असं होतं की पूर्ण बंद करता येत नसेल तर नियमन करा. मला हे अर्धं पटतं. पण आमच्यापासून गोवा जवळ आहे, मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, तिथे सगळं परवान्याने चालतं, आणि तरी त्या सरकारने आपल्या स्वतःच्या लोकांना आत जायला बंदी केलीय. मग आत जातात कोण, तर आमच्या बागेवाल्यांच्या गाड्या. तिथून परतलेल्यांच्या उधाऱ्याही माझ्याच वहीत आहेत.

तेव्हा एवढीच विनंती, पत्त्यांवरच्या छाप्याची बातमी जरूर छापा, पण आंब्याचे भाव देता त्या पानावर कलम ३० चार ओळीत एक दिवस चौकट करून द्या, मोठ्या अक्षरात, मेअखेरच्या आत, पट्ट्या यायच्या आहेत अजून. मी माझ्यापुरतं ते पुठ्ठ्यावर लिहून 'उधारी बंद'च्या पाटीखाली लावलंय. विकेटकीपरने दोनदा येऊन ते काढायला सांगितलं.

माझं नाव छापू नका, रोज दुकान उघडायचं असतं. ते १,५०० अजून अडकलेलेच आहेत.

आपली,
एक दुकानदार बाई, देवगड तालुका