अण्णांची विहीर आणि काचेचा डबा

डोंबिवली,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दत्तजयंतीला तुझे पत्र आले होते. त्याला मी उत्तर दिले नाही, ही चूक माझी आहे आणि तिच्यासाठी कोणतीही सबब मी तयार ठेवलेली नाही. मधल्या काळात फोन झाले, पण फोनवर आपण दोघेही हवापाण्याचे बोलतो आणि तेवढ्यात वहिनी फोन सुमनकडे द्यायला सांगतात. माझी प्रकृती ठीक आहे. साखर गोळीने आटोक्यात आहे, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, उजव्याचा निघायचा आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण जे घडले ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगितले, तर यात घडले काय, हेच त्याला कळणार नाही. सुमनला सांगून पाहिले. ती म्हणाली, "विहीर दिसली का? बरे झाले," आणि कुकर लावायला उठली.

वसंता, तुमची विहीर बुजलेली नाही.

ती मला आगगाडीतून दिसली, आणि तीही 'माझ्या' आगगाडीतून. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तू माझ्याशी बोलताना तिचा उल्लेख 'तुझी गाडी' असाच करत आला आहेस, जणू रोह्यापासून ठोकुरापर्यंतचे रूळ मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून टाकले आहेत. पहिली सहा वर्षे तर तू तिच्यात पाऊलही ठेवले नाहीस आणि गणपतीला हट्टाने एस.टी.नेच येत राहिलास. कशेडीच्या घाटात तुला काय होते आणि ते कोणाच्या अंगावर होते, हे माझ्या लग्नातल्या टेरिकॉटच्या शर्टाला विचार. तरीही तू एस.टी. सोडली नाहीस.

या खेपेला मंदारने माझ्या सत्तरीची भेट म्हणून जनशताब्दीच्या विस्टाडोमचे तिकीट काढले. मी सेकंड सीटिंगचे काढ म्हणालो होतो. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला काचेच्या छपराखाली बसून गावी जाण्याचे काय प्रयोजन, असे माझे म्हणणे होते. तिकिटाची रक्कम त्याने मला सांगितली नाही, ती मी त्याच्या मोबाइलवर चोरून पाहिली. त्या पैशांत सेकंड सीटिंगने घरातली सगळी माणसे गावी गेली असती. हा डबा २०१७ सालच्या सप्टेंबरात या गाडीला प्रथम जोडला गेला. तो चेन्नईच्या पेरांबूरच्या कारखान्यात बांधलेला होता, आणि त्यात मोजून चाळीस खुर्च्या होत्या. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसण्यासाठी ज्या माणसाने आयुष्यभर भांडणे केली, त्याला चाळीसेक माणसांचा एक अख्खा डबा म्हणजे लग्नाच्या पंगतीत चुकून वरपक्षाच्या पाटावर बसल्यासारखे वाटते. ठाण्याला पहाटे अंधारात चढलो, तेव्हा दारातल्या माणसाने तिकीट न पाहताच "काका, पुढचा डबा" असे सांगितले. त्याचा राग आला नाही, उलट ओळखीच्या माणसाने हाक मारल्यासारखे वाटले.

उजाडल्यावर मात्र मी हरलो, हे कबूल करतो. खिडकी गुडघ्यापासून वर जाते आणि वर गेल्यावर छपरालाही काच. कोलाडला मालगाडीवर ओळीने चढवलेले ट्रक उभे होते आणि एका केबिनमध्ये चालक पाय वर करून चहा पीत होता. तो मला दिसत होता आणि मी त्याला. पुढे कटिंगमध्ये जांभ्याच्या उभ्या भिंती दोन्ही बाजूंनी इतक्या जवळ येतात, की एरवी खिडकीतून त्यांचा नुसता तपकिरी पट्टा दिसतो. इथे मान वर केली, तर त्या भिंतीच्या माथ्यावरचे गवत, त्यातून लोंबणारी मुळे आणि त्याच्यावरचे आकाश असे सगळे एकदम दिसते. अर्थात खिडकी उघडत नाही. माणगावचा वारा नाही, कापलेल्या भाताच्या मळणीचा वास नाही, धूळ नाही. आपला सगळा मुलूख धुऊन, वाळवून, काचेच्या कपाटात मांडून ठेवावा तसा सरकत होता, आणि मी त्याच्याकडे पाहुण्यासारखा बघत होतो.

आता खरी गोष्ट. मी नेहमी उजव्या बाजूला बसतो, हे तुझ्या लक्षात आले आहे की नाही, मला ठाऊक नाही. कोणी विचारले, तर समुद्राची बाजू म्हणून सांगतो. रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत गाडीतून समुद्र दिसत नाही, हे न कळणारा माणूस अजून मला भेटायचा आहे, परंतु आजवर कोणी खोलात शिरले नाही. तुला कारण सांगायला नको. डाव्या बाजूला तुमचा मळा होता. संगमेश्वर सुटले, की मी डोळे मिटून घेतो आणि करबुड्याच्या बोगद्याचा आवाज आला, की उघडतो. या वेळीही मी उजवीकडचीच खुर्ची मागून घेतली होती. पण तिथल्या खुर्च्या फिरतात. शेजारी पाचएक वर्षांचा एक मुलगा होता, त्याला पायाशी असलेली कळ सापडली होती, आणि चिपळूणपासून त्याने स्वतःची खुर्ची फिरवून झाल्यावर आजोबांची फिरवायला घेतली. संगमेश्वरानंतर मी नेमाप्रमाणे डोळे मिटले, त्याने कळ दाबली, मला अर्धे वळवले आणि आईने बिस्किटासाठी हाक मारताच तसेच सोडून दिले. डोळे उघडले, तेव्हा माझे तोंड थेट डाव्या खिडकीकडे होते आणि गाडी भरावावर होती.

गवतकापणी होऊन गेली होती, म्हणूनच दिसले. खाली, भरावाच्या पायथ्यापासून वीसेक हातांवर, उंबराला लागून रहाटाचे दोन चिरेबंदी खांब. एक उंच आणि एक आखूड. तो आखूड कसा झाला, हे या जगात दोनच माणसांना ठाऊक आहे आणि दोघांनीही अण्णांना बैलाचे नाव सांगितले होते. खांबांच्या मध्ये विहिरीचा काळा डोळा आणि त्यात आकाशाचा एक तुकडा. म्हणजे पाणी आहे. सात किंवा आठ सेकंद. मग झाडी, मग उक्षी, आणि मग बोगदा.

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, हे मीच तुला तोंडपाठ म्हणून दाखवत असे. पानवलचा पूल कुतुबमिनारापेक्षा उंच आहे, असेही म्हणून दाखवले होते आणि तू चौसष्ट मीटर आणि त्र्याहत्तर मीटर असे दोन आकडे कागदावर लिहून सगळ्यांसमोर माझी शोभा केली होतीस. त्या बोगद्यात काचेच्या डब्याचे काय होते, ते तुला कोणी सांगितले नसेल. बाहेर अंधार, आत दिवे, त्यामुळे छपराचा आरसा होतो. वर पाहिले, तर माझे टक्कल, त्याच्या खाली दोन गुडघे आणि गुडघ्यांवर श्रीधरच्या कागदांची पिशवी. चार-पाच मिनिटे दुसरे काही बघण्यासारखे नव्हते.

त्या पिशवीबद्दल लिहायचे मी इतका वेळ टाळले. श्रीधरला गिऱ्हाईक मिळाले आहे. भरावापलीकडची सगळी पट्टी, आमची आणि तुमची, एकत्र हवी आहे. बंगले बांधणार म्हणतात. सातबाऱ्यावर तुझे नाव आहे, म्हणून तुझी सही लागते. आणि श्रीधर मला म्हणाला, "दादा, वसंतदादा तुमचे ऐकतील. अण्णांनीसुद्धा तुमचेच ऐकले होते."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटले. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तुझा माझ्यावर आरोप काय आहे, ते मी तेहेतीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि त्यावर माझे उत्तरही तुला पाठ आहे: कोकण रेल्वेची कंपनी १९९० सालीच स्थापन झाली होती, आखणी ठरलेली होती, मार्गावरच्या चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी गेल्या आणि त्यांतले एक अण्णा होते. हे सगळे खरे आहे. परंतु १९९१ साली तू बडोद्याला असताना, तुझ्या माघारी, तुमच्या ओटीवर बसून अण्णांना मी काय म्हणालो, ते मी तुला आजवर कधी सांगितलेले नाही. मी कचेरीतले कागद वाचून आलो होतो, मला मार्ग ठाऊक होता, मोबदल्याचा तक्ता ठाऊक होता, आणि यांतले काहीही अण्णांना हलवणार नाही, हेही ठाऊक होते. म्हणून मी म्हणालो, "अण्णा, गाडी आली, की वसंता शनिवार-रविवारी घरी यायला लागेल." ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. मग त्यांनी विचारले, "बडोद्याहून?" आणि मी हो म्हणालो. वसंता, मी भूगोलात नापास झालेला माणूस नव्हतो. १९९५ च्या पावसाळ्यात अण्णा गेले, तेव्हा भराव झाला होता आणि रूळ यायचे होते. गाडी त्यांनी पाहिली नाही, आणि गाडी आल्यावर सहा वर्षे तू तिच्यात बसला नाहीस. तू एस.टी.तून हिरवा-पिवळा होऊन उतरायचास, तेव्हा सगळे हसायचे आणि मीही हसायचो. मला तो अडकित्ता ऐकू येत असे.

विहीर वाचेल, असे मी म्हणालो होतो आणि बुजवली, असे तू म्हणालास. मातीचा ढीग तू ९२ साली पाहिला होतास. गणपतीत पाहुण्यांसमोर आपले वाजले, तेव्हापासून वाडीत आपल्या दोघांसमोर कोणी विहिरीचे नाव काढले नाही. तू रागाने भरावापलीकडे गेला नाहीस आणि मी भीतीने गेलो नाही. तुझे खरे ठरेल याची भीती.

रत्नागिरीला श्रीधर स्टेशनवर आला होता. मी सही उद्या करतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न सांगता गावी गेलो. भरावाच्या खाली एक मोरी आहे, कमरेत वाकून जाता येते. पलीकडे सखूची सून कळशी भरत होती. मी म्हटले, ही मोरी कधी झाली? ती म्हणाली, "ही अण्णांची मोरी. अण्णांनी सायबाकडनं करून घेतलीन." सासू सांगायची, म्हणे, की विहिरीला वाट ठेवल्याशिवाय अंगठा देणार नाही, असे सांगून अण्णा दोन दिवस मोजणीच्या खुंटीवर बसून होते. आता पावसाचे पाणी जायला तिथे मोरी झालीच असती, हे मला कळते. वाडीतली माणसे गोष्टी रचतात, हेही कळते. पण अण्णा अंगठा देत नसत, मोडीत झोकदार सही करत असत, हे तिला ठाऊक नाही, आणि खुंटीवर बसून राहण्याचा हट्ट कोणाच्या घराण्यात आहे, हे मला ठाऊक आहे. असे असेल, तर अण्णांनी माझे नुसते ऐकून घेतले, माझ्या शनिवार-रविवारावर क्षणभरही विश्वास ठेवला नाही आणि स्वतःचा सौदा स्वतः केला. यात मी सुटलो की अधिकच अडकलो, याचा हिशेब मी पंधरा दिवस करतो आहे. खोटे बोललो ते बोललोच. फसले कोणी नाही, एवढेच.

मी पाणी प्यायलो. थोडे मचूळ लागते, पण ते पूर्वीही लागायचे आणि तुम्ही ते कबूल करत नव्हता.

सही मी केलेली नाही. संमतीपत्राचा कागद माझ्याकडे आहे, पण तो या पत्रासोबत पाठवत नाही. तुला हवा असेल, तर श्रीधरकडून मागव आणि तुझे तू ठरव. विकायची असेल, तर खुशाल वीक, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. या कामात माझ्या तोंडून एकदा शब्द गेला आहे, तेवढा पुरे. सखूची सून पाणी कुठून आणेल, हा प्रश्न मी श्रीधरला विचारला. तो म्हणाला, नळयोजना येते आहे. मी गप्प बसलो, कारण 'येते आहे' हे वाक्य त्या जागेवर पहिल्यांदा मी बोललो होतो.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले, ते कळव. शस्त्रक्रिया थंडीत केलेली बरी, असे सगळे सांगतात. ईशाच्या बारावीला आशीर्वाद. नवीन घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे तू का घेतलेस, ते भेटीत विचारीन.

बडोद्यावरून रत्नागिरीला थेट गाड्या जातात. माघात ये. काचेचा डबा नको, साध्यातच बसू. फक्त डावीकडची खिडकी तुला आणि तिच्या समोरची मला.

तुझा,
सुधाकर

ता. क. – तो आखूड खांब मी हाताने चाचपून पाहिला. बैलाच्या शिंगाने असा तुकडा निघत नाही, हे अण्णांना पहिल्याच दिवशी कळले असणार.