ब्लॉकच्या सिरिंजवर अंगठा ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नुसतं 'सिस्टर'.

इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची आम्ही तिघं तुमच्या ऑपरेशन थिएटरच्या दारात पहिल्यांदा उभी राहिलो, तेव्हा प्रश्न सोपा वाटला होता. हाताच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ कॉलरबोनजवळ ब्लॉक देतात, म्हणजे हात बधिर करायला तिथल्या नसांभोवती (मज्जातंतूंभोवती) औषध सोडतात. डाव्या हातात सोनोग्राफीचा प्रोब, उजव्या हातात सुई. मग औषध ढकलणार कोण? तुम्ही. रात्रपाळीला तुम्ही दुसऱ्या टेबलाशी अडकलात, तर जो हाताशी सापडेल तो. आम्ही ठरवलं, सिरिंज मोटर ढकलेल आणि मोटर डॉक्टर पायाने चालवतील.

पहिलं मॉडेल पाहून तुम्ही म्हणालात, "ढकलायला काय, कोणीही ढकलेल. अंगठ्याला कळायला पाहिजे."

आणि जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तुम्ही सलाइन भरलेली २० मिलीची सिरिंज माझ्या हातात दिलीत. आधी दट्ट्या मागे ओढायचा. नळीत रक्त आलं तर सुई रक्तवाहिनीत आहे. औषध तिथे गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. रक्त नसेल तर मोठ्याने "निगेटिव्ह" म्हणायचं, मग ५ मिली, की पुन्हा ओढायचं. ढकलताना जड लागलं तर जागच्या जागी थांबून "टाइट लागतंय" सांगायचं. सुईचं टोक नसेच्या आत शिरलं असेल तर औषधाला पसरायला जागा नसते, आणि जोर लावला तर नसच दुखावते. आमच्या मोटरला यातलं काहीच कळत नव्हतं. ती ढकलतच राहिली असती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या दुपारनंतर आम्ही सगळं खोलून पुन्हा मांडलं. आता नळीत दाबाचा सेन्सर आहे आणि दाब १५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) जाण्याआधीच मोटर थांबते. चवड्याने ढकलायचं, टाचेने ओढायचं, पाय उचलला की बंद. दर ५ मिलीनंतर मागे ओढल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

पेडल पिवळं रंगवून आणलं, तेव्हा तुम्ही आम्हाला टेबलाखाली वाकून बघायला लावलंत. कॉटरीची, म्हणजे विजेवर कापणाऱ्या यंत्राची, पेडलं तिथे आधीच होती: पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला. घाईत पाय चुकला तर? शिवाय थिएटरच्या चपला सैल, त्यांचं टोक कुठेही अडकतं. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून हे आम्हाला कधीच सुचलं नसतं.

प्रकल्पाच्या अहवालात यंत्राने काय काय करायला हवं, याची अकरा कलमं आहेत. त्यातली आठ तुमच्या तोंडची आहेत. डॉक्टरांनी वेळ दिला, सरांनी पैसे मिळवून दिले, त्यांचेही आभार मानतेच. पण तुम्ही ड्युटी संपल्यावर, पाय दुखत असताना आमच्यासाठी थांबलात, आणि आमच्या चुका आम्हाला कधी लाज वाटू न देता दाखवल्यात.

यंत्र अजून कुणा रुग्णावर वापरलेलं नाही. सध्या फक्त जेल आणि पाण्यावर चाचण्या चालू आहेत. एथिक्स कमिटी आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालच्या परवानग्या पुढे आहेत. घाई करणार नाही, तुम्हाला शब्द दिलाय.

सहावं पेडल तयार आहे. रंग करडा, वर झाकण, आत बोटभर जास्त जागा. सुट्टीच्या दिवशी नको, तुमच्या सोयीने या. मात्र थिएटरच्या चपला घालूनच बघा.

तुमची,
सलाइनची सिरिंज पहिल्यांदा हातात धरलेली ती मुलगी