त्रेसष्ट की त्रेपन्न?

संपादक महोदय,

मी गिरगावात राहणारी निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, म्हणजे आवाजाचे विजेचे संकेत करून थेट कानाच्या नसेला देणारं यंत्र. घरी पंखा बंद केला की नातीशी तासन्‌तास गप्पा होतात.

गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले. टोकन पुकारणारी मुलगी काचेआड, तोंडावर मास्क. डोक्यावर पंखा घरघरतोय, शेजारी नोटा मोजायचं मशीन. ‘त्रे’ एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. माझं टोकन त्रेसष्ट. त्रेपन्न असेल म्हणून बसून राहिले आणि नंबर गेला. विचारायला गेले तर ती ओरडून बोलू लागली. मागचे गृहस्थ म्हणाले, "कानाला मशीन आहे ना, मग?"

हा ‘मग?’ मला रोज कुठे ना कुठे भेटतो, म्हणून हे पत्र.

धडधाकट कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या पेशी साधारण साडेतीन हजार असतात. माझ्या कानात त्यांच्या जागी इलेक्ट्रोड, म्हणजे ते संकेत देणारी टोकं, आहेत 22. त्यातही एकाचा करंट शेजारच्याच्या हद्दीत पसरतो. पेटीवर मींड निघत नाही ना, तसंच हे. शब्द कळतात, सुरांमधल्या जागा हरवतात. आणि गर्दीतला एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढायला नेमक्या त्याच जागा लागतात. शांततेत मेंदू आहे त्यावर भागवतो. पंखा सुरू झाला की माणूस आणि पंखा एकच होतात. ओरडून फायदा नाही. मोठा आवाज कानामागचा प्रोसेसर (यंत्राचा बाहेरचा भाग) आपोआप दाबतो, आणि ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात ते वेगळंच. (प, ब, म ओठांवर एकसारखेच दिसतात. चाळीस वर्षं बाराखडी शिकवली, हे कधी लक्षात आलं नव्हतं!) समोर येऊन, सावकाश, एकावेळी एकानेच बोलावं, बस्स.

माझ्या प्रोसेसरमध्ये टेलिकॉइल आहे, म्हणजे तारेतून चुंबकीय लहरींनी आलेला आवाज पकडणारी छोटी गुंडाळी. एखाद्या काउंटरला इंडक्शन लूपची तार बसवली, तर आतल्या माइकमधलं बोलणं थेट माझ्या कानात येईल, पंख्याला वगळून. तो खर्च जड वाटत असेल तर निदान नंबर दिसू द्या. त्या शाखेत भिंतीवर भलामोठा टीव्ही आहे. मी बसले होते तेवढा वेळ त्यावर गृहकर्जाची जाहिरात चालू होती.

पुढच्या सोमवारी परत जायचंय. काम राहिलंच.

– एक वाचक, गिरगाव
(कृपया नाव छापू नये.)