'बेरा' श्रवणचाचणी सपाट म्हणजे कान रिकामा नव्हे

संपादक महोदय,

कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात तार बसवून श्रवणाच्या नसेला विजेने चेतवणारे यंत्र) करायचे ठरले की अनेक पालकांना सांगितले जाते, 'उरलेसुरले ऐकू येणे ऑपरेशनमध्ये जाणारच.' ही समजूत आता मागे टाकायला हवी. जर्मनीत लेहनहार्ट यांनी १९९३मध्ये आतल्या कानाला धक्का न लावण्याची पद्धत मांडली आणि १९९९मध्ये फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग यांनी एकाच कानात इम्प्लांट आणि श्रवणयंत्र एकत्र चालवून दाखवले.

कॉक्लिआ हा आतल्या कानातला अडीच वेढ्यांचा शंख. तोंडाशी वरच्या पट्टीतले स्वर, टोकाशी खर्ज. बहुतेकांचे उरलेले श्रवण टोकाकडचे, १२५ ते ५०० हर्ट्झमधले असते. तेवढ्यावर 'स', 'श' कळत नाहीत, म्हणून इम्प्लांट लागतेच. पण इम्प्लांटमध्ये, कंपनीनुसार, १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड (विजेचे संकेत देणारे बिंदू) असतात. त्यांवर शब्द उमगतात, सूर मात्र नीट उमटत नाही. आवाजाचा चढउतार, गाण्याची चाल, गलक्यातून एक आवाज वेगळा काढणे, यात तो जपलेला खर्ज फार उपयोगी पडतो.

तो आहे की नाही, हे आधी कळायला हवे आणि घोळ इथेच होतो. लहान मुलांची नेहमीची क्लिक बेरा, म्हणजे टकटक आवाजाला श्रवणाच्या नसेचा व मेंदूचा प्रतिसाद टिपणारी चाचणी, मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचा भाग तपासते. तिचा आलेख सपाट आला म्हणून खर्जही गेला असे ठरत नाही. त्यासाठी ५०० हर्ट्झची टोनबर्स्ट बेरा (छोट्या स्वरावर केलेली बेरा) किंवा एएसएसआर (सलग स्वराला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) आणि वयाप्रमाणे वागणुकीवरून केलेली ऑडिओमेट्री (श्रवणमापन) हवी. इथे एक सावधगिरी : २५० हर्ट्झला आवाज ९० डेसिबलच्या पुढे नेला की मूल ऐकण्याला नव्हे, तर अंगाला जाणवणाऱ्या थरथरीला प्रतिसाद देत असू शकते.

शस्त्रक्रियेत सारा खेळ मिलिमीटरचा आहे. इलेक्ट्रोडची तार टोकाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची आणि गोल खिडकीचा (आतल्या कानात शिरण्याच्या वाटेचा) पडदा हाडाच्या वळचणीखाली दडलेला. ती वळचण कमी वेगाच्या ड्रिलने खरवडायची, हाडाचा भुगा पूर्ण धुऊन काढायचा आणि मगच पडदा उघडायचा. भुगा आत गेला तर पुढे तंतू आणि नवे हाड धरते. आतला द्रव मोजून दोन-चार थेंबांचा. उघड्या खिडकीवर सक्शन धरले की तो ओढला जातो आणि नुकसान तिथेच होते. ड्रिल कानातल्या हाडांच्या साखळीला लागणेही तितकेच घातक. स्टिरॉइड आधीपासून द्यायचे. तार खालच्या दालनातच राहील अशा कोनातून, एक-दोन मिनिटे घेत सरकवायची आणि अडली तर रेटायची नाही. रेटली की ती मधला पडदा फाडून वरच्या दालनात शिरते, पोटॅशियमने भरलेला द्रव दुसऱ्यात मिसळतो आणि आवाज टिपणाऱ्या उरलेल्या केसपेशी मरतात. सोय असेल तिथे तार आत जाताना कानात ५०० हर्ट्झचा स्वर वाजवून इलेक्ट्रोडवरूनच प्रतिसाद वाचता येतो. तो एकदम घसरला तर थांबायचे आणि तार किंचित मागे घ्यायची. शेवटी खिडकी स्नायूच्या बारीक तुकड्यांनी हलकेच बंद करायची, ठासून नव्हे.

टोकाकडचा खर्ज वाचावा म्हणून धरला जाणारा आखूड तारेचा आग्रह मात्र आम्हाला सरसकट पटत नाही. पुढे खर्जही गेला तर आखूड तारेवर भागत नाही. स्कॅनवर कॉक्लिआ मोजून लवचिक तारेची लांबी ठरवणे बरे. शिवाय सारे नीट होऊनही काहींचे श्रवण काही महिन्यांनी घटते, म्हणून खात्री कोणी देऊ नये आणि या आशेवर लहान मुलाचे इम्प्लांट लांबवूही नये.

आमची मागणी साधी आहे. शासकीय योजनेत असो वा खासगीत, प्रत्येक फाइलमध्ये शस्त्रक्रियेआधीची खर्जाची चाचणी असावी आणि डिस्चार्ज कार्डावर तारेची लांबी, ती कोणत्या वाटेने व किती आत गेली, हे लिहिलेले असावे. प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेर लावायचा भाग) सुरू करताना आणि पुढे ३, ६, १२ महिन्यांनी प्रोसेसर काढून त्याच कानाची पुन्हा ऑडिओमेट्री व्हावी. सुरुवातीच्या आठवड्यांत मधल्या कानात रक्त किंवा पाणी साचल्यानेही आकडे वाईट येतात. तेवढ्यावर 'गेले' असे लिहून कानाच्या साच्याचे श्रवणयंत्र कायमचे बंद करू नये.

— कान-नाक-घसा शल्यचिकित्सक व श्रवणतज्ज्ञ, पुणे