भारी स्टील पातेल्याआधी गाळणीला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई किंवा धनत्रयोदशी जवळ आली की भांडी कशी पारखावीत याचे सल्ले छापून येतात आणि त्यात एक वाक्य हमखास असते: लोहचुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर स्टील अस्सल. दुकानदारही हीच चाचणी गिऱ्हाइकासमोर मोठ्या तोऱ्यात करून दाखवतात. या चाचणीतून जे कळायला हवे ते कळत नाही. शिवाय तिच्या भरवशावर लोक पातेल्यावर नको तितका खर्च करतात आणि गाळणी, चाळणी, रोळी मात्र जत्रेतून आणल्यासारखी उचलतात. खरे तर उलटे व्हायला हवे.

आधी लोहचुंबकाचे बघू. बाजारात ज्याला ‘तीनशे चार’ म्हणतात त्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ‘दोनशे दोन’मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर येते आणि त्याची जागा साडेसात ते दहा टक्के मँगेनीज घेते. ‘जे-फोर’ नावाने खपणाऱ्या पत्र्यात निकेल जेमतेम एक टक्का असते आणि क्रोमियमही कमी. निकेल महाग, मँगेनीज स्वस्त, एवढेच त्यामागचे गणित. पण लोखंडाची जी अंतर्गत रचना लोहचुंबकाला दाद देत नाही, ती निकेल जशी टिकवते तशीच मँगेनीजही टिकवते. त्यामुळे लोहचुंबक तिन्हींना चिकटत नाही. उलट, अस्सल ‘तीनशे चार’चे खोल ओढून घडवलेले पातेले काठाशी किंवा बुडाच्या वळणावर लोहचुंबकाला किंचित ओढते, कारण थंड पत्रा दाबून वळवताना तिथली रचना थोडी बदलते. म्हणजे चांगले भांडे नापास आणि हलके भांडे पास.

जे स्टील लोहचुंबकाला पूर्ण चिकटते ते बहुधा ‘चारशे तीस’. त्यात निकेल जवळपास नसते, क्रोमियम मात्र १६ ते १८ टक्के असते. ते नकली नव्हे. झाकणे, ताटे, डब्यांना ते चालते, आणि इंडक्शनच्या शेगडीवर तर बुडाला तेच लागते. लोहचुंबकाचा स्वयंपाकघरातला खरा उपयोग हाच: बुडाला घट्ट चिकटला तर भांडे इंडक्शनवर चालेल.

मग प्रत ओळखायची कशी? बुडावर ठसा आहे का बघा आणि बिलावर ‘३०४’ असे लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला तर उत्तर मिळालेच. भंगारवाल्यांकडे एक द्रव असतो. त्याचा थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की मँगेनीज जास्त असलेल्या स्टीलवर काही सेकंदांत तो तांबूस होतो. मोडीचा भाव ते यावरूनच ठरवतात. मोठी खरेदी असेल तर ही चाचणी करवून घ्यायला लाजू नये. स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा केंद्राचा आदेश १४ मार्च २०२४ रोजी निघाला. भांड्यावर चिन्हाच्या डोक्यावर ‘आयएस १४७५६’ हा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. कंपनीच्या स्टिकरवर छापलेल्या ‘फूड ग्रेड’ या दोन शब्दांना मात्र काही अर्थ नाही. ते कुणीही छापतो.

पातेल्या-कढईत स्टीलच्या प्रतीइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे बूड. स्टील उष्णतेचे मंद वाहक आहे. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे पंधरा पट आणि तांबे पंचवीस पट वेगाने उष्णता नेते. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथेच बूड तापते आणि दूध किंवा खीर नेमकी तेवढ्या गोलात लागते. भांडी किलोवर विकत घेताना गेज विचारतात, पण आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे अनेकांना ठाऊक नसते. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरला थोडा कमी, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. नुसते पाणी तापवायला, डाळ-तांदूळ भिजवायला २२ गेज पुरतो. फोडणी, भाजी, शिरा यांसाठी एकेरी पत्रा घेऊच नये, मग तो कितीही ‘तीनशे चार’ असो.

त्यासाठी दोन पर्याय आहेत. सँडविच बुडाच्या भांड्यात ॲल्युमिनियमची जाड चकती फक्त तळाला दाबून बसवलेली असते. चकती तळाच्या कडेपर्यंत पोचते का ते पालथे करून पाहा. ती एखाद सेंटिमीटर आत थांबत असेल तर ज्योत बाहेरच्या पातळ पत्र्याला चाटते आणि पदार्थ तिथे कड्यासारखा करपतो. ट्राय-प्लाय भांड्यात आतून ‘तीनशे चार’, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेरून ‘चारशे तीस’ असे तीन थर काठापर्यंत जातात. गोल बुडाच्या कढईला हेच हवे, कारण तिच्यात बाजूही तितक्याच तापतात. एकूण जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. तांब्याच्या बुडाची म्हणून विकली जाणारी बरीचशी भांडी नुसत्या मुलाम्याची असतात. तेवढ्या तांब्याने उष्णता पसरत नाही, शोभा येते.

एक बारीक गोष्ट. काठ वळवून पोकळ नळीसारखा केलेला असेल आणि वळण पूर्ण मिटलेले नसेल तर धुताना पाणी आत शिरते आणि आठवड्याभराने काठाखालून तांबूस ओघळ येतो. नखाने चाचपून पाहा. पूर्ण मिटलेला किंवा सरळ कापून गुळगुळीत केलेला काठ बरा. कढईचे कान रिव्हेटचे असतील तर टिकतात, पण आतल्या बाजूच्या रिव्हेटभोवती मसाला साचतो. स्पॉट वेल्डिंगचे कान स्वच्छ राहतात. मात्र कानाला निदान तीन-चार टाके दिसायला हवेत.

आता गाळणी. मिठाने किंवा आंबटाने स्टीलला खड्डा पडला तर तो ०.९ मिलिमीटरच्या बुडात नुसता ठिपका राहतो. चहाच्या गाळणीतली तार असते ०.२ मिलिमीटरच्या आसपास. तेवढाच खड्डा पडला की ती तुटते. शिवाय जाळीचा पृष्ठभाग मोठा, ओल अडकायला फटी हजार आणि काठात जाळी दुमडलेली, म्हणजे तिथे हवा पोचत नाही. स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा हवेतल्या प्राणवायूने पुन्हा पुन्हा भरून येतो, आणि त्याच्यामुळेच ते गंजत नाही. दुमडीत तो भरून येत नाही. म्हणून गाळणी जवळजवळ नेहमी काठाशी गंजते. ‘तीनशे चार’ची खरी गरज इथे आहे, आणि दुकानात सगळ्यात हलके स्टील नेमके इथेच लावलेले असते. कित्येकदा जाळी बरी असते, पण कडे आणि दांडा लोखंडाचा, वरून निकेल-क्रोमचा मुलामा. यासाठी लोहचुंबक आणि पाणी दोन्ही वापरा. कडे लोहचुंबकाला घट्ट चिकटले तर न दिसणाऱ्या जागी कानसीने एक ओरखडा काढा आणि त्यावर पाण्याचा थेंब रात्रभर राहू द्या. सकाळी तांबूस डाग दिसला तर ते मुलाम्याचे लोखंड आहे, आणि मुलामा एक दिवस सोलून चहात येणार.

जाळीचा आकडा म्हणजे एका इंचातली भोके. दुकानात कुणी सांगत नाही, पण मोजता येतो: पट्टी ठेवून एका सेंटिमीटरातली भोके मोजा आणि अडीचने गुणा. सेंटिमीटरात १६ भोके म्हणजे ४० नंबर, भोक ०.४ मिलिमीटरचे. बारीक दाणेदार चहापत्तीला हाच नंबर. याहून जाड जाळीतून चोथा कपात उतरतो आणि ६० नंबर घेतला तर दुधाच्या साईने ती दोन कपांतच तुंबते. कणीक चाळायला २० ते ३० पुरे, त्याहून बारीक चाळणीत कोंडा सगळा वर राहतो. बेसनाला ४०, उकडीच्या मोदकांच्या पिठीला ६०. नारळाचे दूध किंवा नाचणीचे सत्त्व काढताना ८० नंबरपेक्षा धुवट पंचाच बरा. जाळीतून ते दाबून काढायला गेले की तारा सरकतात आणि भोके लहान-मोठी होतात.

दाबण्याचे काम विणलेल्या जाळीचे नाहीच. पुरण वाटीच्या बुडाने चाळणीवर घासले की मध्ये फुगवटा येतो आणि डाळीचे कण तसेच खाली उतरतात. त्यासाठी पत्र्याला भोके पाडलेली चाळण हवी. पत्रा पाऊण मिलिमीटर तरी जाड, भोक दोन मिलिमीटरचे. अशा पत्र्याला एका बाजूने भोकांच्या कडा किंचित खरखरीत असतात. ती बाजू खाली ठेवावी, नाहीतर वाटी घासून निघते. पुरण गरम असतानाच वाटावे. गार झाले की घट्ट होते आणि मग माणूस जोर लावतो, चाळण वाकते. कट काढायला मात्र रोळी, तीही बुडाला कडे किंवा पाय असलेली. सपाट बुडाची रोळी भांड्यात बसते तेव्हा खालची भोके बंद होतात आणि कट निथळत नाही. तांदूळ धुवायला भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नको. दाण्याची रुंदी दोन मिलिमीटरच्या आसपास, मोठ्या भोकात तो उभा राहून अडकतो आणि मग काढताना तुटतो.

चहाची गाळणी काळी पडली की गॅसच्या ज्योतीवर धरून लालभडक करायची आणि ओट्यावर आपटायची, ही युक्ती घरोघरी चालते. चोथा जळतो हे खरे. पण बारीक तार काही सेकंदांतच तापते, आणि साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये स्टीलमधला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. त्या सीमांलगत क्रोमियम कमी पडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. चार-सहा वेळा जाळलेली गाळणी मग चमच्याने दाबताच तुटते. त्याऐवजी अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा घालून गाळणी दहा मिनिटे उकळावी आणि जुन्या दातांच्या ब्रशने उलट्या बाजूने घासावी. चहाचा डाग आणि दुधाचा थर सुटतो. राहिलेला पांढरट थर जड पाण्यातल्या चुन्याचा. त्याला सोडा चालत नाही. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पंधरा मिनिटे त्यात बुडवावे. रोज मात्र एवढेच: चोथा वाळू न देता लगेच आपटून टाकावा, नळाचे पाणी पाठीमागून सोडावे आणि गाळणी टांगावी. मोरीत खरकट्या ताटांखाली रात्रभर पडलेल्या गाळणीला कोणतीच प्रत वाचवत नाही.

पातेल्यालाही मिठाचे तेच दुखणे. गार पाण्यात मीठ टाकले तर दाणे तळाशी बसतात आणि बरोबर तिथे पांढरट खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे. चिंच किंवा कोकम घातलेली आमटी रात्रभर ‘दोनशे दोन’मध्ये ठेवू नये. लोणचे कोणत्याच स्टीलमध्ये ठेवू नये, काचेची किंवा चिनी मातीची बरणी बरी. ब्लीचिंगच्या पाण्यात भांडी भिजवणे म्हणजे मिठाहून वाईट. लोखंडी तारेची घासणी तर वापरूच नये. तिचे कण पत्र्यात रुतून गंजतात आणि बोल स्टीलला लागतो. असा वरवरचा डाग सोड्याच्या लगद्याने जातो. पुन्हा त्याच जागी आला तर समजावे की खड्डा पडला आहे. कोरडे तापून आलेले निळे-सोनेरी इंद्रधनुष्य मात्र निरुपद्रवी, व्हिनेगरच्या फडक्याने पुसून निघते.

नवे भांडे पांढऱ्या फडक्याने पुसले की काळे निघते, त्याने घाबरून भांडे परत करू नये. तो पॉलिशचा मळ. आधी तेलाच्या बोळ्याने पुसावे, मग गरम पाणी आणि साबण. बोळा काळा निघणे थांबेपर्यंत करावे.

उत्पादकांना एवढेच सुचवावेसे वाटते की गाळणी आणि चाळणीच्या लेबलवर जाळीचा नंबर, जाळीचे स्टील आणि कड्याचे स्टील अशा तीन गोष्टी छापाव्यात. आज किंमत आणि फुलांचे चित्र सोडून त्यावर काहीच नसते. घरच्या गाळणीवरून महिन्यातून एकदा कापसाचा बोळा दोन्ही बाजूंनी फिरवावा. एक जरी तंतू अडकला तर तार तुटलेली आहे, आणि ती गाळणी त्याच दिवशी मोडीत टाकावी.

आपला,
भांडी व्यवसायातील एक वाचक, पुणे