पूरपातळीची चौकट आता कार्यक्रमांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तुमचा अंक दारात पडला की आमच्या घरात सगळ्यांची नजर आधी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या चौकटीकडे जाते. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका, हे आकडे सांगली-मिरजेत शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना ती चौकट वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. पुढे पाऊस ओसरतो, कृष्णा पात्रात जाते आणि चौकट अंकातून निघून जाते. माझी मागणी एवढीच आहे की घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तेवढी जागा गावातल्या कार्यक्रमांना द्यावी. काय आहे, कुठे आहे, किती वाजता, तिकीट आहे की मुक्त प्रवेश. प्रत्येक कार्यक्रमाला दोन ओळी, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.

हे काही नवे मागत नाही. पूर्वी 'आजचे कार्यक्रम' अशी यादी तुमच्या अंकात आतल्या पानावर असायची. मी ग्रंथालयात नोकरीला होते तेव्हा सकाळी आल्या आल्या ती कापून फलकावर टाचणे हे माझे पहिले काम असे. पुस्तक बदलायला आलेली माणसे आधी फलकापाशी थांबत, मग कपाटाकडे वळत. एखाद्या दिवशी टाचायची राहिली तर विचारणा होई. ती यादी कधी आक्रसली आणि कधी बंद पडली, नेमके सांगता येणार नाही. पण माणसे फलकापाशी थांबेनाशी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता सगळे मोबाइलवर कळते, असे म्हणतात. कळते ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला. नाट्यमंडळाच्या गटात तुम्ही असाल तर नाटकाचा निरोप येतो, संगीतसभेचे सभासद असाल तर मैफलीचा. गटाबाहेरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंकात फोटो दिसतो: दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावे आणि 'रसिकांची उपस्थिती होती' हे वाक्य. त्या बातमीला माझी हरकत नाही, कार्यकर्त्यांना तिचे अप्रूप असते. पण ती बातमी वाचून कुणाला कार्यक्रमाला जाता येत नाही.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. मिरजेतल्या आमच्या वसाहतीत मुलींनी हादगा मांडला होता. पाटावर खडूने हत्ती काढला, झेंडूची फुले वाहिली आणि वाहने लावायच्या जागेतच फेर धरला. रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवत सोळाव्या दिवशी सोळा गाणी व्हायला हवीत. मुलींकडे मिळून नऊ. मोबाइलवर शोधून आणखी दोन सापडली, त्यांच्या चाली मात्र भलत्याच निघाल्या. नवव्या दिवसानंतर त्या तीच गाणी फिरवून म्हणत होत्या. शेवटच्या दिवशी खिरापत ओळखायचा गलका चालू असताना मागच्या गल्लीतल्या एक आजी आवाज ऐकून काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पाटाशेजारी बसल्या आणि एकामागून एक गाणी म्हणू लागल्या. आम्ही कुणी कधी न ऐकलेली पाच तरी होती. मुलींनी भराभर वह्या आणल्या. उठताना त्या म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशीच सांगायचं नाही का? माझ्याकडे सोळाच्या वर आहेत." त्या मोबाइल वापरत नाहीत. तुमचा अंक मात्र रोज दुपारी भिंग लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

दुसरी गोष्ट सतारमेकर गल्लीतली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तुम्ही ती बातमी ठळक दिली आणि आम्हाला अभिमान वाटला. त्या गल्लीतल्या एका कारागिरांकडे मी माझा जुना तानपुरा जवारी करायला, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार नीट करून घ्यायला, घेऊन गेले होते. घोडीवर कानस फिरवत, तार छेडून कान लावत, पुन्हा कानस फिरवत त्यांचे काम चालले होते. सहज म्हणून मी आदल्या संध्याकाळच्या मैफलीचा विषय काढला. त्यांचा हात थांबला. त्या मैफलीत मागे जे दोन तानपुरे लागले होते, ते त्यांच्याच हातचे होते. दुकान बंद करून ते घरी बसले होते आणि पाच मिनिटांच्या वाटेवर त्यांची वाद्ये बोलत होती. त्यांना कुणीच कळवले नव्हते. आयोजकांनी मुद्दाम टाळले असे नाही, जो तो आपल्या यादीतल्यांना कळवतो. त्या बैठकीला आम्ही जेमतेम पंचवीस जण होतो, आणि गाणारी मुलगी फार मनापासून गायली.

नाटकवाल्यांचे हाल आणखी निराळे. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. तो दिवस सारा महाराष्ट्र मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि भाव्यांच्या नावाचे गौरवपदक त्या दिवशी सांगलीत दिले जाते. 'शारदा' नाटक लिहिणारे देवल हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. या गावात नाटकाला माणसे मिळू नयेत, हे मला लागते. याच सुमारास हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत बुडालेली असतात. कुणी बँकेतून सुटून येतो, कुणी कारखान्याची पाळी बदलून घेतो, कारण उसाचा हंगामही तेव्हाच तोंडावर असतो. दीड-दोन महिने रात्री अकरा-अकरापर्यंत तालीम, नेपथ्याच्या फळ्या उसन्या, कपडे घरातले. आणि प्रयोगाला पहिल्या तीन-चार रांगा, त्यातही निम्मे घरचे. स्पर्धेचे तिकीट चहा-वड्याच्या पैशांत येते. लोकांना नाटक नकोच आहे, हे मला पटत नाही. मागच्या खेपेला मी शेजारच्या दोन घरी नुसते तोंडी सांगितले, तर सात जण आले आणि त्यातले तिघे दुसऱ्या दिवशीच्या नाटकालाही येऊन बसले.

यादीचा आणखी एक उपयोग होईल. गेल्या दिवाळीच्या पहाटे एकाच वेळी तीन ठिकाणी गाण्याचे कार्यक्रम होते आणि तिन्हीकडे खुर्च्या रिकाम्या. आयोजक भेटले तेव्हा एकमेकांना म्हणत होते, "तुमचं आधी कळलं असतं तर आम्ही पाडव्याला ठेवलं असतं." आठवडाभर आधी यादी छापून आली तर निदान अशा टकरी टळतील.

चौकटीत फक्त मोठ्या सभागृहांतले कार्यक्रम नकोत, हेही आताच सांगते. देवळातले कीर्तन, कार्तिकातला काकडा, वाचनालयातले दिवाळी अंकांचे प्रदर्शन, मुलांनी बांधलेल्या किल्ल्यांची स्पर्धा, कोजागरीच्या रात्री गच्चीवर होणारे कवितावाचन, घाटावरचे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे, हे सगळे त्यात यावे. पत्रिका छापायला पैसे नसलेल्यांना या दोन ओळींची गरज सर्वांत जास्त आहे.

जाहिरातीचे उत्पन्न बुडेल अशी शंका तुमच्या कार्यालयात निघेल. हजार-दोन हजारांचा गल्लीतला कार्यक्रम करणारे एरवीही जाहिरात देत नाहीत. खोट्या किंवा रद्द झालेल्या कार्यक्रमांची भीती मात्र रास्त आहे, कारण मजकूर तपासायला माणूस लागतो आणि तुमच्याकडे माणसे कमी आहेत हे मला दिसते.

ते काम आम्ही करू. वाचनालयातल्या आम्ही चौघी निवृत्त आहोत. सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या मंडळांकडून माहिती गोळा करणे, आयोजकाला फोन करून तारीख-वेळ पक्की करणे, आणि सुवाच्य अक्षरात किंवा टाइप करून रोज संध्याकाळी पाचच्या आत तुमच्या मिरज कार्यालयात पोचवणे, एवढे आम्ही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विनावेतन करायला तयार आहोत. कुठली माहिती चुकली तर आमच्या नावाने खुलासा छापा. पहिल्या आठवड्याची यादी तयार होत आली आहे, आज सकाळपर्यंत तिच्यात एकोणीस कार्यक्रम झाले. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी ती घेऊन मी स्वतः कार्यालयात येते. सर्वांत वर आमच्या वसाहतीचा हादगा आहे, आणि मागच्या गल्लीतल्या आजींनी या वर्षी पहिल्याच दिवसापासून यायचे कबूल केले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज